स्नायू ओढतो कसा आणि सुटतो कसा

सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावणाऱ्यांना एक गोष्ट चांगली ठाऊक असते. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागेपर्यंत दम निघतो, पण मांड्यांची वाट लागते ती परत उतरताना. त्या दिवशी संध्याकाळी फारसं जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र जिना उतरायचा तर कठडा धरावा लागतो. श्रम चढाला जास्त, दुखणं उताराचं, आणि तेही उशिरा. यावर ‘लॅक्टिक ॲसिड साठलं’ हे ठरलेलं उत्तर मिळतं आणि ते चुकीचं आहे. धावणं थांबलं की साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट पूर्वपदावर येतं. तिसऱ्या दिवशी ते कुठून दुखवणार? कारण शोधायचं तर स्नायूच्या आत, प्रथिनांच्या पातळीवर उतरावं लागतं.

मांडीच्या स्नायूतला एक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी. जाडीला केसाएवढी किंवा त्याहून बारीक, लांबीला काही सेंटिमीटर. तिच्या आत एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जाडीच्या शेकडो दोऱ्या एकमेकींना चिकटून धावतात. प्रत्येक दोरीवर सारख्या अंतराने आडव्या रेषा असतात, त्यांना झेड-रेषा म्हणतात. दोन झेड-रेषांमधला तुकडा म्हणजे सार्कोमिअर. आकुंचनाचं सगळं काम या तुकड्यात चालतं. त्याची लांबी दोन ते अडीच मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे चारशेच्या आसपास तुकडे एकापुढे एक बसतात.

तुकड्यात दोन प्रकारचे धागे असतात. बारीक धागा ॲक्टिनचा. ॲक्टिनचा एक रेणू 375 अमिनो आम्लांचा, गोलसर. असे शेकडो रेणू एकमेकांना जोडून दोन पदरी पिळाचा धागा तयार होतो. हे धागे झेड-रेषेत रोवलेले असतात, आणि तिथे त्यांना घट्ट धरून ठेवतं ते अल्फा-ॲक्टिनिन नावाचं प्रथिन. जाड धागा मायोसिनचा. तो तुकड्याच्या मध्यभागी असतो, लांबी 1.6 मायक्रॉन. त्यात मायोसिनचे सुमारे 300 रेणू एकत्र बांधलेले असतात. प्रत्येक रेणूला लांब शेपटी आणि दोन डोकी. शेपट्या धाग्यात गुंफलेल्या आणि डोकी बाहेर काढलेली. म्हणजे एका जाड धाग्यावर सुमारे 600 डोकी, आजूबाजूच्या ॲक्टिनकडे रोखलेली.

1954 सालापर्यंत असा समज होता की आकुंचनात प्रथिनांचे धागेच दुमडून किंवा आक्रसून आखूड होतात. त्या वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं आणि दोन्ही जोड्यांनी वेगवेगळं काम केलं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांनाही तेच दिसलं: स्नायू आखूड होताना मायोसिनचा गडद पट्टा तेवढाच राहतो आणि त्याच्या बाजूचा फिकट पट्टा अरुंद होत जातो. म्हणजे धागा कुठलाच आखूड होत नाही. एक दुसऱ्यावरून सरकतो.

सरकवण्याचं काम मायोसिनच्या डोक्यांचं. पोहरा शेंदताना एक हात दोर ओढतो तोवर दुसरा हात पुढची पकड घेतो, तशी ही डोकी आळीपाळीने धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे धरतात. एका ओढीत ॲक्टिन सरकतो फक्त पाच ते दहा नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग, तेव्हा ही हालचाल किती नगण्य ते लक्षात येईल. पण दहा सेंटिमीटरच्या तंतूत सुमारे 40,000 सार्कोमिअर एकापुढे एक असतात. प्रत्येक जण अर्धा मायक्रॉन आखूड झाला, तरी सगळे मिळून तंतू दोन सेंटिमीटरने आखडतो.

सोडायला लागतं ते इंधन

स्नायूचं इंधन एटीपी हे शाळेतल्या पुस्तकात असतं. पण ते नेमकं कुठे खर्ची पडतं, याबद्दल बहुतेकांच्या डोक्यात उलटं चित्र असतं. ओढण्यासाठी ऊर्जा लागते आणि सोडणं फुकट, असं वाटतं. प्रत्यक्षात क्रम असा आहे. डोकं ॲक्टिनला घट्ट चिकटलेलं असतं. त्याला एटीपीचा रेणू येऊन मिळाला, की त्याची पकड सुटते. सुटल्यावर डोकं एटीपीचे दोन भाग करतं, एडीपी आणि फॉस्फेट, आणि त्या ऊर्जेवर मागे ताणून तयार होतं. मग ते ॲक्टिनला पुन्हा अलगद धरतं. फॉस्फेट बाहेर पडला की ओढ बसते. शेवटी एडीपी बाहेर पडतो आणि डोकं पुन्हा घट्ट चिकटतं, पुढचा एटीपी मिळेपर्यंत. एटीपी संपला, तर डोकं जिथे चिकटलं तिथेच राहतं.

मृत्यूनंतर शरीर ताठ होतं ते याच कारणाने. श्वास थांबला की एटीपी बनणं बंद होतं, उरलेला संपत जातो, आणि डोकी सुटूच शकत नाहीत. माणसात ताठरपणा साधारण दोन ते चार तासांत सुरू होतो, बारा तासांच्या आसपास पूर्ण होतो आणि पुढच्या एक-दीड दिवसात ओसरतो. ओसरतो तो पकड सुटते म्हणून नव्हे. पेशीतलीच प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) झेड-रेषेजवळचे बांध तोडतात, म्हणून.

स्वयंपाकघरात हे थेट कामाला येतं. सकाळी कापलेलं बोकडाचं मटण तास-दोन तासांत चुलीवर चढलं तर ठीक. अजून कोमट असलेलं मटण सरळ फ्रीजरमध्ये टाकणं मात्र सर्वांत वाईट. त्यात एटीपी शिल्लक असताना ते गोठतं. बाहेर काढून वितळायला लागलं, की स्नायूपेशीतल्या साठ्यातलं कॅल्शियम, म्हणजे आकुंचनाची कळ (ती पुढे येईलच), एकदम सुटतं, स्नायू जोरात आखडतो आणि त्यातच अडकतो; पाणी सुटतं ते वेगळंच. असं मटण कितीही शिट्ट्या दिल्या तरी चिवट लागतं. साठवायचंच असेल तर एक दिवस खालच्या कप्प्यात झाकून ठेवावं, ताठरपणा जाऊ द्यावा आणि मग गोठवावं. शिजतानाही दोन्ही प्रथिनं वेगवेगळ्या वेळी हार मानतात. मायोसिन 50-55 अंशांच्या आसपास, ॲक्टिन 70 च्या पुढे, आणि त्या टप्प्याला मांस पाणी टाकून घट्ट होतं. ते पुन्हा मऊ होतं ते स्नायूमुळे नाही, तर त्याभोवतीचं कोलॅजेन विरघळल्यामुळे, आणि कोलॅजेनला वेळ लागतो. म्हणून अर्धवट शिजलेलं मटण दातात अडकतं आणि मंद आचेवर ठेवलेलं मऊ पडतं.

जिवंत स्नायूत एटीपी असा संपत नाही, पण साठा किती तुटपुंजा असतो हे पाहिलं तर आश्चर्य वाटतं. जोर लावला तर हाताशी असलेला एटीपी दोन-तीन सेकंद पुरतो. नंतरचे आठ-दहा सेकंद क्रिएटिन फॉस्फेट भरपाई करतं. पुढे साखर आणि चरबी जाळावी लागते. खाशाबा जाधवांच्या या जिल्ह्यात पकड म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. प्रतिस्पर्ध्याला दाबून धरलेला पैलवान जागचा हलत नाही, तरी अर्ध्या मिनिटात घामाघूम होतो. सार्कोमिअरची लांबी तीच असते, पण डोकी सारखी सुटत आणि पुन्हा धरत असतात, आणि प्रत्येक सुटण्याला एक एटीपी जातो. तालमीत आणि जिममध्ये क्रिएटिनचे डबे दिसतात ते या आठ-दहा सेकंदांसाठी. रोज तीन ते पाच ग्रॅम पुरतं, जास्त घेऊन जास्त फायदा नाही. ते घेणाऱ्याच्या रक्तात क्रिएटिनिन (क्रिएटिनपासून बनणारा टाकाऊ पदार्थ, ज्यावरून मूत्रपिंडाचं काम तपासतात) थोडं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांना आठवणीने सांगावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नये.

चालू-बंद कोण करतं

ॲक्टिन आणि मायोसिन शेजारी ठेवले, एटीपी दिला, तर ते ओढतच राहतील. विश्रांतीत त्यांना रोखतात ती आणखी दोन प्रथिनं. ट्रोपोमायोसिन हा लांब धागा ॲक्टिनच्या खाचेतून धावतो आणि डोक्यांनी पकड घ्यायची जागा झाकून ठेवतो. त्याचा एक रेणू सात ॲक्टिन झाकतो. त्यावर बसतं ट्रोपोनिन, तीन भागांचं: एक (टी) ट्रोपोमायोसिनला धरतो, एक (आय) आकुंचन रोखतो, आणि तिसरा कॅल्शियम ओळखतो. ट्रोपोनिनचा शोध 1960 च्या दशकात जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी लावला. आकुंचनाची कळ कॅल्शियमच्या हातात आहे, हे तेव्हा अनेकांना पटत नव्हतं.

विश्रांतीत पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजारपट कमी असतं. मज्जातंतूकडून इशारा आला, की पेशीतल्या पिशव्यांची दारं उघडतात, क्षणार्धात कॅल्शियम शंभरपटीपर्यंत वाढतं, ट्रोपोनिनला चिकटतं, ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतो आणि ओढ सुरू होते. इशारा थांबला की हे कॅल्शियम पंप करून परत पिशवीत भरावं लागतं: दर दोन कॅल्शियमला एक एटीपी. इथेही खर्च सोडण्याचाच.

पायात गोळा येतो तेव्हा मात्र एटीपी संपलेला नसतो. मज्जातंतू इशारे देणं थांबवत नाही, म्हणून स्नायू आखडून राहतो. त्यामुळे चोळण्यापेक्षा पंजा गुडघ्याकडे ओढून पोटरी ताणून धरणं लवकर लागू पडतं.

ट्रोपोनिन हे नाव आता घरोघरी पोचलंय ते हृदयविकाराच्या तपासणीमुळे. हृदयातलं ट्रोपोनिन टी आणि आय हातापायांच्या स्नायूंतल्या ट्रोपोनिनपेक्षा थोडं वेगळं असतं, म्हणून ते रक्तात सापडलं तर हृदयाच्या पेशी फुटल्या एवढं कळतं. पण फुटलेल्या पेशीतून ते रक्तात यायला वेळ लागतो. साध्या तपासणीत ते दिसायला तीन ते सहा तास जातात, अतिसंवेदनशील तपासणीत त्याहून कमी. छातीत कळ आल्यावर तासाभरात केलेली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून घरी परतणं धोक्याचं. काही तासांनी पुन्हा रक्त द्यावंच लागतं. म्हणून दुखायला नेमकं किती वाजता लागलं हे लिहून ठेवावं. पाटण किंवा जावळीच्या गावातून साताऱ्याला, कराडला पोचेपर्यंत तो वेळ अंदाजाने सांगितला जातो आणि गोंधळ होतो. ईसीजीवरच झटका स्पष्ट दिसत असेल तर ट्रोपोनिनची वाट पाहण्यात वेळ घालवायचा नसतो. आणि ट्रोपोनिन वाढलं म्हणजे रक्तवाहिनी बंदच झाली, असंही नाही. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात ते थोडं वाढलेलं राहतं, लांब पल्ला धावल्यावर धडधाकट माणसातही काही काळ वाढतं. दोन तपासण्यांमधला चढ-उतार बघूनच डॉक्टर निर्णय घेतात.

सांगाडा

ओढणाऱ्या प्रथिनांबद्दल बरंच बोललं जातं, धरून ठेवणाऱ्यांबद्दल कमी. त्यांच्याशिवाय स्नायू स्वतःच्याच ताकदीने फाटला असता.

टायटिन हे माणसाच्या शरीरातलं सर्वांत मोठं प्रथिन. सुमारे 34,000 अमिनो आम्लांची एकच साखळी. झेड-रेषेपासून सार्कोमिअरच्या मध्यापर्यंत ती पोचते, म्हणजे एकच रेणू एक मायक्रॉनहून लांब. त्याचा काही भाग लवचिक असतो. स्नायू ताणला गेला की तो उलगडतो, आणि ताण गेला की सार्कोमिअरला पूर्वीच्या लांबीवर आणतो. मायोसिनचा जाड धागा मधोमध राहतो तोही त्याच्यामुळे. डेस्मिन शेजारशेजारच्या दोऱ्यांच्या झेड-रेषा एकमेकींना बांधतं, म्हणून सगळ्या एका ओळीत दिसतात.

आता उताराकडे येऊ. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचं वजन गुडघा वाकवू पाहतं आणि मांडीचा पुढचा स्नायू त्याला रोखतो. म्हणजे तो आखडायला बघतोय आणि त्याच वेळी ताणला जातोय. या स्थितीत कमी तंतूंवर जास्त भार येतो. हजारो सार्कोमिअरच्या रांगेत काही मुळात कमकुवत असतात. ते आपल्या मर्यादेपलीकडे ताणले जातात, धागे एकमेकांवरून पार निसटतात, झेड-रेषा नागमोडी होतात, डेस्मिन आणि टायटिनचे बांध तुटतात. पेशीचं आवरण गळतं, आत कॅल्शियम शिरतं, मग साफसफाई करणाऱ्या पेशी येतात आणि सूज धरते. या सगळ्याला एक ते तीन दिवस लागतात, आणि दुखणं तेव्हा वर येतं. चढताना स्नायू आखडत काम करतो, म्हणून दम निघूनही तेवढी मोडतोड होत नाही.

उपाय सोपा आहे, पण आधी करायचा. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे अगोदर थोडासा उतार धावून घ्यावा, म्हणजे अजिंक्यताऱ्यावरून हळू धावत एक-दोनदा खाली येणंही चालेल. थोडी मोडतोड, मग दुरुस्ती, आणि दुरुस्त झालेला स्नायू पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला बराच कमी दुखतो. दुखत असताना हलकं चालावं. घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, मूत्रपिंडाला ते महागात पडतं. लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी गडद झाली आणि स्नायू सुजून कडक झाले, तर थेट दवाखाना गाठावा. फुटलेल्या पेशींतलं मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूतलं ऑक्सिजन धरणारं लाल प्रथिन, तेव्हा मूत्रपिंडातून जात असतं.

हीच प्रथिनं स्नायूपुरती नाहीत. शरीरातल्या प्रत्येक पेशीला ॲक्टिनचा सांगाडा आहे. पेशी दुभागते तेव्हा ॲक्टिन आणि मायोसिनचं कडं मध्यभागी आवळत जातं. नळीतलं रक्त गोठल्यावर गुठळी आक्रसते आणि वर पिवळसर द्रव सुटतो, तेही रक्तबिंबिकांमधल्या याच जोडीचं काम.

सांगाड्याचा दुसरा भाग ट्युब्युलिनच्या नळ्यांचा, 25 नॅनोमीटर जाडीच्या. पेशी दुभागताना गुणसूत्रं दोन बाजूंना वाटून देतात त्या याच. पावसाळ्यात आपल्या डोंगरउतारांवर, कुंपणाच्या वेलींत कळलावीची पिवळी-तांबडी फुलं दिसतात. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. ते ट्युब्युलिनला चिकटून नळ्या बांधूच देत नाही. कर्करोगावरचं टॅक्सॉल नेमकं उलट करतं, बांधलेल्या नळ्या सुटू देत नाही. दोन्हीचा परिणाम एकच: पेशीचं दुभागणं थांबतं. कळलावीचा कंद रताळं समजून किंवा ऐकीव औषध म्हणून खाल्ल्याने माणसं दगावलेली आहेत. आधी उलट्या-जुलाब होतात, आणि ते थांबले म्हणून धोका टळला असं नसतं. एक-दोन दिवसांनी अवयव निकामी व्हायला लागतात. कंद पोटात गेल्याचं कळताच दवाखान्यात न्यावं, लक्षणांची वाट बघू नये.

डिस्ट्रोफिन नसेल तर

स्नायूपेशीच्या आवरणाच्या आतल्या बाजूला डिस्ट्रोफिन असतं. त्याचं एक टोक आतल्या ॲक्टिनला आणि दुसरं आवरणातल्या प्रथिनांना धरतं, आणि ती पुढे पेशीबाहेरच्या जाळ्याला. आकुंचनाचा ताण नाजूक आवरणावर न पडता बाहेरच्या जाळ्यावर जातो तो या साखळीमुळे. हे प्रथिन 3,685 अमिनो आम्लांचं, पण त्याचं जनुक 20 लाखांहून अधिक अक्षरांचं आणि 79 तुकड्यांत विभागलेलं. एवढं लांबलचक जनुक, त्यामुळे चूक व्हायला जागाही मोठी. काही तुकडे गळाले आणि पुढचं वाचन बिघडलं, तर प्रथिन तयारच होत नाही; त्या आजाराला ड्युशेन म्हणतात. तुकडे गळूनही वाचन जुळलं, तर आखूड पण थोडंफार काम करणारं प्रथिन मिळतं. तो बेकर, ड्युशेनपेक्षा सौम्य. जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार मुख्यतः मुलग्यांना होतो. मात्र जवळपास एक तृतीयांश मुलांमध्ये चूक नव्याने घडलेली असते, आईकडून आलेली नसते. तेव्हा आईला बोल लावण्यात काडीचाही अर्थ नाही.

डिस्ट्रोफिन नसलेल्या मुलाला रोजचं चालणं आणि जिना उतरणं म्हणजे त्या घाटाच्या उतारासारखं. दुरुस्ती कमी पडत जाते आणि स्नायूच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊती येतात. लक्षणं तीन ते पाच वर्षांच्या आसपास दिसतात. मूल उशिरा चालायला लागतं, वारंवार पडतं, जिना चढताना मांडीवर हात टेकतं, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच पायांवर हात ठेवत वर सरकतं. पोटऱ्या मात्र भरलेल्या दिसतात, आणि घरचे म्हणतात, ‘पोरगं पैलवान होणार.’ त्या पोटऱ्या ताकदीच्या नसतात.

दुसरा चकवा रक्ताच्या रिपोर्टमध्ये असतो. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी विकरं वाढलेली दिसतात आणि मुलाला कावीळ किंवा यकृताचा आजार समजून महिनोन्महिने औषधं दिली जातात. ही दोन्ही विकरं फक्त यकृतात नाही, स्नायूतही असतात. मूल अशक्त आहे, हे आकडे वाढलेत आणि जीजीटी (यकृताचं विकर, जे स्नायूतून येत नाही) नॉर्मल आहे, तर सीपीके, म्हणजे फुटलेल्या स्नायूपेशींतून रक्तात येणारं विकर मोजणारी तपासणी, करून घ्यावी. साधी, स्वस्त तपासणी आहे. नॉर्मल आकडा दोनशेच्या आसपास. ड्युशेनमध्ये तो दहा हजारांवर, कधी त्याहून बराच पुढे जातो. त्यानंतर जनुकाची तपासणी. आधी गळालेले किंवा दुप्पट झालेले तुकडे शोधणारी एमएलपीए, आणि त्यात काही सापडलं नाही तर संपूर्ण जनुकाचं वाचन. यामुळे पुढच्या गरोदरपणात काय करायचं हेही घरच्यांना ठरवता येतं.

आजार मुळापासून बरा होत नाही, पण स्टेरॉइडने चालणं काही वर्षं लांबवता येतं, आणि हृदय व श्वसनावर लक्ष ठेवलं तर आयुष्य वाढतं. फिजिओथेरपीत सांधे ताणून मोकळे ठेवायचे, पाण्यात हालचाल करायची. ताकद येईल म्हणून उठाबशा काढायला लावू नयेत, कारण त्यात खाली बसताना तोच ताणत काम करणारा भार येतो. आणि मुलाची कुठलीही शस्त्रक्रिया ठरली, अगदी छोटी असली, तरी भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव आधी सांगायचं. सक्सिनिलकोलिन (भूल देताना स्नायू सैल करणारं औषध) आणि श्वासावाटे दिल्या जाणाऱ्या काही भुलीच्या औषधांनी या मुलांच्या स्नायूपेशी एकदम फुटतात, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबू शकतं. दुसऱ्या पद्धतीने भूल देता येते. आजाराचं नाव लिहिलेला कागद फाइलमध्ये सर्वांत वर लावावा.